नवा कन्सोल पहिल्या आठवड्यात किती कळतो?

निन्टेन्डोचा स्विच २ हा गेमिंग कन्सोल ५ जून २०२५ रोजी बाजारात आला आणि पहिल्या चार दिवसांतच ३५ लाखांहून अधिक खपला. त्या आठवड्यात माझ्या भाचीने मिळतील तेवढी मतं वाचून काढली आणि पार गोंधळून गेली. कुणी स्क्रीनवर फिदा होतं, कुणाला तीच स्क्रीन धूसर वाटत होती. एक जण म्हणे, पहिल्या स्विचचे जुने गेम यावर कसे सुरेख पळतात. दुसरा म्हणे, जुने गेम आधीच बरे दिसायचे. "मावशी, यातलं खोटं कोण बोलतंय?" तिने विचारलं.

कुणीच नाही. नव्या कन्सोलबद्दलची पहिली मतं अशी उलटसुलट येतात, कारण एक जण यंत्राबद्दल बोलत असतो, दुसरा त्यावरच्या एखाद्या गेमबद्दल आणि तिसरा अशा गोष्टीबद्दल, जिचा निकाल लागायला वर्षं जातात. हे तीन धागे वेगळे केले की बरीचशी गुंतागुंत सुटते. स्विच २ हे त्यासाठी चांगलं उदाहरण आहे, कारण त्याच्याबद्दल बोललं जाणारं जवळजवळ सगळं या तिन्हींपैकी कुठे ना कुठे बसतं.

## एकाच मापाचं गिऱ्हाईक

कन्सोल हा संगणकच, पण खेळण्यासाठी बांधलेला. त्याची खरी ताकद वेगात नसते, सारखेपणात असते. घरोघरचे साधे संगणक एकमेकांसारखे नसतात. त्यांच्यासाठी गेम बनवणारा हा तयार कपडे विकणाऱ्यासारखा असतो: सगळ्यांना जेमतेम बसेल असं माप धरायचं. कन्सोलची गिऱ्हाइकं लाखो, पण अंग एकच. शिंप्याला पहिल्या सदऱ्यात खांदा जमला नाही तर दुसऱ्यात जमतो, पाचव्यापर्यंत तर माप तोंडपाठ झालेलं असतं. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

स्विच २ चा मधला भाग म्हणजे ७.९ इंचांची स्क्रीन आणि दोन्ही बाजूंना जॉय-कॉन नावाचे छोटे कंट्रोलर. हातात धरून खेळा, नाहीतर डॉक नावाच्या स्टँडमध्ये उभा करा, की तोच गेम टीव्हीवर. २०१७ च्या पहिल्या स्विचला जॉय-कॉन खाचेतून सरकवून बसवावे लागत. आता कडेजवळ नेले की चुंबक त्यांना ओढून घेतो आणि 'खट्' असा आवाज होतो. भाचीने पहिल्या दहा मिनिटांत तो आवाज वीसेक वेळा तरी काढला असेल.

हातात आणि टीव्हीवर हे यंत्र एकाच जोमाने काम करत नाही. डॉकमध्ये त्याला भिंतीतली वीज मिळते आणि थंड ठेवायला डॉकचा स्वतःचा पंखा असतो, म्हणून चित्र काढणारी चिप पूर्ण वेगाने चालते. हातात असताना बॅटरी पुरवायची असते, कन्सोल तापूही द्यायचा नसतो, म्हणून तीच चिप जवळजवळ निम्म्या वेगावर उतरते. त्यामुळे कुणी 'गेम अडखळतो' म्हटलं, तर आधी विचारायचं: हातात, की टीव्हीवर?

## चित्र पळतं कसं

लहानपणी वहीच्या कोपऱ्यात, प्रत्येक पानावर थोडा थोडा पुढे सरकलेला माणूस काढून पानं भरभर सोडली असतील, तर गेम कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. फरक एवढाच, की गेममध्ये चित्रं आधी काढलेली नसतात. तुम्ही बटण दाबलंत की पुढचं चित्र त्याच क्षणी काढायचं.

सेकंदाला ३० फ्रेम काढायच्या असतील तर एका फ्रेमला ३३ मिलिसेकंद मिळतात, ६० काढायच्या तर जेमतेम १७. तेवढ्यात कोण कुठे आहे, काय कशावर आदळलं, उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, हे सगळं ठरवून चित्र तयार हवं. नाही झालं, तर मागचंच चित्र आणखी थोडा वेळ दिसत राहतं. त्यालाच आपण 'अडखळला' म्हणतो.

इकडे स्क्रीनही स्वतःच्या ठेक्यावर चालते. साधी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा नवं चित्र मागते, स्विच २ ची १२० वेळांपर्यंत मागू शकते. याचा उपयोग काय, हे सायबरपंक २०७७ या गेमवर छान दिसतं. पहिल्याच दिवशी स्विच २ वर आलेला हा गेम मुळात बराच जड आहे. त्यात एक पर्याय सेकंदाला ४० फ्रेमचा आहे. ४० हा आकडा विचित्र वाटतो, पण १२० ला ४० ने बरोबर तिनाचा भाग जातो, म्हणून प्रत्येक फ्रेम अगदी सारखा वेळ दिसते. ६० च्या ठेक्यात ४० बसवायला गेलो तर एक फ्रेम जास्त वेळ, पुढची कमी वेळ, आणि डोळ्याला ते लगेच खुपतं. आणखी एक: ४० फ्रेम म्हणजे एकेका फ्रेमला २५ मिलिसेकंद, आणि वेळेच्या हिशेबाने हा ३० आणि ६० चा बरोबर मध्य. आकड्यात फक्त दहाची वाढ, पण अनुभवात अर्धं अंतर कापलेलं. जड गेम छोट्या यंत्रावर आणणाऱ्यांनी शोधलेली ही तडजोड मला फार आवडते.

## स्क्रीन छान की धूसर?

आता भाचीचा प्रश्न. चित्र बारीक बारीक ठिपक्यांचं बनतं, त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. पहिल्या स्विचच्या स्क्रीनवर आडवे १२८० आणि उभे ७२० असे सव्वानऊ लाख पिक्सेल होते. स्विच २ वर १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांवर. नवा गेम या वीस लाख ठिपक्यांसाठीच चित्र काढतो आणि ते कोरल्यासारखं दिसतं.

जुना गेम मात्र हातात खेळताना सहसा सव्वानऊ लाख ठिपक्यांचंच चित्र पाठवतो. आता १२८० चे १९२० करायचे म्हणजे दीडपट. दोनपट असतं तर सोपं होतं, एका ठिपक्याच्या जागी चार ठेवले की झालं. दीडपटीत गोची होते. ज्या जमिनीवर दोन फरशा मावत होत्या, तिथे आता तीन बसवायच्या आहेत: पहिली लाल, तिसरी पांढरी, पण मधलीचा रंग कोणता? नाइलाजाने गुलाबी. चित्रातल्या प्रत्येक कडेवर असा गुलाबी ठिपका आला की रेघ मऊ पडते. यंत्र उत्तम, गेमही तोच, आणि तरी चित्र धूसर. खेळाडूचे डोळे त्याला फसवत नव्हते.

दुसरं कारण स्क्रीनच्या जातीचं आहे. २०२१ मध्ये स्विचची जी सुधारित आवृत्ती आली, तिला ओएलईडी स्क्रीन होती. त्या जातीत प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा. स्विच २ ची स्क्रीन एलसीडी आहे. तिथे मागून सतत उजेड असतो आणि पिक्सेल पडद्यासारखा तो अडवतो. हे पडदे उघडायला-मिटायला वेळ लागतो. चित्र झपाट्याने सरकताना जुन्या चित्राची पुसट छाया मागे उरते, पाटी ओल्या फडक्याने पुसली की उरते तशी. स्विच २ च्या बाबतीत ही तक्रार बऱ्याच जाणत्यांनी केली आहे आणि ती रास्त आहे. ओएलईडीवरून आलेल्याला हा फरक जाणवेल. २०१७ चा मूळ स्विच वापरणाऱ्याला मात्र ही स्क्रीन मोठी, उजळ आणि सुरेख वाटेल, कारण त्याच्याकडची स्क्रीनही एलसीडीच होती.

## टीव्हीवरचं ४के खरं की नावापुरतं?

डॉकमध्ये स्विच २ ४के चित्र देऊ शकतो, असं कंपनी सांगते. ४के म्हणजे ८३ लाख पिक्सेल, हातातल्या स्क्रीनच्या चौपट. एवढी लहान चिप सेकंदाला साठ वेळा ८३ लाख ठिपके रंगवते, यावर शंका घेणारे बरोबर आहेत. साध्या गेममध्ये ते जमतं. जड गेममध्ये अपस्केलिंगची मदत घ्यावी लागते. अपस्केलिंग म्हणजे चित्र लहान काढायचं आणि मग मोठं करायचं.

नुसतं ताणलं तर वर सांगितलेला गुलाबी फरशीचा घोळ होतो. स्विच २ मध्ये एनव्हिडिया कंपनीची चिप आहे आणि तिला डीएलएसएस नावाची युक्ती अवगत आहे. असंख्य चित्रांवर शिकवून तयार केलेला एक संगणकी कारागीर, असं तिचं वर्णन करता येईल. आजोबांचं पुसट झालेलं पत्र बाहेरच्या माणसाला लागत नाही, पण ज्याने त्यांची पन्नास पत्रं वाचली आहेत तो अर्धवट अक्षरावरून शब्द ओळखतो. डीएलएसएस हेच करतं. शिवाय ते नुसत्या अंदाजावर चालत नाही. आधीच्या फ्रेममध्ये ती वस्तू कशी दिसत होती आणि कोणत्या दिशेला सरकली, ही माहितीही वापरतं.

"मग हे खोटं चित्र झालं की!" असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. गेममधलं प्रत्येक चित्र हा हिशेबच असतो, तो कोणत्या वाटेने केला याला महत्त्व नाही, डोळ्यांना काय दिसलं याला आहे. हा कारागीर चुकतो मात्र. तारांची जाळी, केसांच्या बटा, पाऊस, वेगाने हलणारी बारीक वस्तू, इथे नीट पाहिलंत तर कडा थरथरताना दिसतात.

## पहिल्या दिवसाचे गेम: एक पाय मागच्या घरात

आता शिंप्याची गोष्ट. नव्या कन्सोलसोबत येणारे गेम बहुतेक वेळा त्या कन्सोलसाठी सुरू झालेले नसतात, कारण मोठा गेम बनवायला चार-पाच वर्षं सहज जातात आणि तेव्हा नवं यंत्र कागदावर असतं. पहिल्या स्विचची कीर्ती ज्या गेमने झाली, तो ब्रेथ ऑफ द वाइल्ड मूळचा त्याआधीच्या वी यू या कन्सोलसाठी घडवलेला होता. ३ मार्च २०१७ ला तो दोन्हींवर एकदमच आला. त्याचा पुढचा भाग, टियर्स ऑफ द किंगडम, आला १२ मे २०२३ रोजी. यंत्र तेच, मेमरी तीच ४ जीबी. पण आता आकाशात तरंगती बेटं होती, जमिनीखाली आणखी एक अंधारं जग होतं आणि खेळाडू लाकडं, चाकं, पंखे जोडून गाड्या नि विमानं बनवत होता, ती कोसळतही होती अगदी खऱ्यासारखी. सहा वर्षांत यंत्राची ताकद वाढलेली नव्हती. शिंप्याचा हात बसला होता.

स्विच २ सोबत आलेला मारियो कार्ट वर्ल्ड हा गाड्यांच्या शर्यतीचा गेमही पहिल्या स्विचच्या काळातच आखला गेला आणि पुढे नव्या यंत्रावर नेला गेला, हे तो बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे. जुन्या यंत्रावर मावत नव्हतं ते इथे मावलं. आधीच्या भागात एका शर्यतीत १२ गाड्या धावत, इथे २४. आधी प्रत्येक ट्रॅक वेगळा, बंद खोलीसारखा होता. इथे ते एकाच मोठ्या भूभागावर आहेत आणि मधले रस्तेही खरे आहेत. नॉकआउट टूर नावाच्या प्रकारात सलग शर्यत चालते आणि प्रत्येक टप्प्यावर शेवटचे चार बाद: २४, २०, १६, १२, ८, आणि शेवटी चौघे. तेराव्या क्रमांकावरून बाराव्यावर यायला उरलेली ती शेवटची दोन वळणं, मागच्या गाडीने फेकलेलं लाल कवच, आणि जेमतेम आत शिरलेली गाडी: भाचीचा श्वास अडकलेला मला शेजारून ऐकू येत होता. असा प्रसंग कोणत्याही आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

पण याच गेमबद्दल 'मधले रस्ते रिकामे वाटतात' असंही म्हटलं जातं. तेही खरं आहे. हे मत गेमच्या रचनेबद्दल आहे, कन्सोलच्या कुवतीबद्दल नाही. उद्या अपडेट येऊन ते बदलू शकतं. स्क्रीनची जात अपडेटने बदलत नाही.

१७ जुलै २०२५ ला आलेल्या डाँकी काँग बनान्झामध्ये यंत्राची कुवत जास्त थेट दिसते. तिथे डोंगर, भिंती, जमीन, जवळजवळ सगळंच फोडता येतं. एरवी गेममधला डोंगर हा नाटकाच्या नेपथ्यासारखा, वरून रंगवलेला आणि आतून पोकळ असतो. बनान्झात तो घन ठोकळ्यांचा रचलेला आहे, म्हणून ठोसा मारला की तुकडा निघतो आणि आतली माती दिसते. कुठे भोक पडलं, हे प्रत्येक वेळी लक्षात ठेवायला मेमरी लागते. स्विच २ मध्ये ती १२ जीबी आहे, आधीच्या तिप्पट. हाही गेम मुळात पहिल्या स्विचसाठी सुरू झाला होता आणि या मोडतोडीला मोकळं रान मिळावं म्हणून नव्या यंत्रावर आला.

जॉय-कॉन २ कडेवर उभा करून टेबलावर ठेवला की तो संगणकाचा माऊस होतो, ही आणखी एक नवी गोष्ट. टेबल नसलं तर मांडीवर, पँटच्या कापडावरही तो चालतो. ऑगस्ट २०२५ मधल्या ड्रॅग एक्स ड्राइव्ह या गेममध्ये दोन्ही हातांत दोन जॉय-कॉन धरून व्हीलचेअरची दोन चाकं ढकलायची आणि बास्केटबॉल खेळायचा. कल्पना मला मनापासून आवडली. पण कडेवर उभ्या धरलेल्या जॉय-कॉनची पकड अरुंद आहे, त्यामुळे माऊसचा वापर तासन्‌तास होईल असं वाटत नाही.

## जुने गेम सुधारले ते कसे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेले पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट पहिल्या स्विचवर इतके अडखळत, की चाहतेही हळहळले. स्विच २ साठी त्यांना फुकट अपडेट मिळालं आणि ते ६० फ्रेमने पळू लागले. गेम तोच, फक्त धाप लागणाऱ्या माणसाला उतार मिळाला.

नवी चिप जुन्या चिपची मोठी आवृत्ती नाही, तिची भाषाच वेगळी आहे. म्हणून जुना गेम चालतो तेव्हा मध्ये एक दुभाषा बसतो आणि जुन्या चिपसाठी दिलेली आज्ञा त्याच क्षणी नव्या चिपच्या भाषेत सांगतो. बहुतेक गेममध्ये दुभाषा बसला आहे हे कळतही नाही. काही थोड्या गेममध्ये शब्द अडतो, आणि त्यासाठी एकेक करून दुरुस्त्या येत राहतात. ब्रेथ ऑफ द वाइल्डसारख्या काही गेमच्या खास स्विच २ आवृत्त्याही आहेत, अमेरिकेत त्यासाठी १० डॉलर जास्त मोजावे लागतात. या आवृत्त्या मात्र नव्या भाषेत आहेत, त्यामुळे दीडपटीचा धूसरपणाही तिथे नाही.

म्हणजे 'जुने गेम सुंदर दिसतात' आणि 'जुने गेम धूसर दिसतात' ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. कोणता गेम, अपडेट आलं का, आणि हातात की टीव्हीवर, एवढं विचारलं की भांडण मिटतं.

## कार्डात गेम नाही, किल्ली आहे

माझ्या मते ग्राहकाने सगळ्यात जास्त लक्ष द्यावं ते इथे, आणि पहिल्या आठवड्याच्या कौतुकात नेमकं हेच मागे पडतं.

स्विचचे गेम दोन प्रकारे मिळत: नखाएवढ्या कार्ट्रिजवर, म्हणजे गेम भरलेल्या कार्डावर, किंवा डाउनलोड करून. स्विच २ ने तिसरा प्रकार आणला, गेम-की कार्ड. डबी तीच, कार्डही तसंच दिसतं, पण त्यात गेम नसतो. ते कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून डाउनलोड होतो, कन्सोलची जागा खातो, आणि पुढे दर वेळी खेळताना कार्ड आत असावं लागतं. घर विकत घेतलं म्हणून किल्ली मिळाली, पण घर दुसऱ्याच्या आवारात आहे, अशी ही स्थिती.

कंपन्या असं का करतात? वेगवान आणि मोठ्या क्षमतेचं कार्ट्रिज बनवायला पैसे लागतात, डाउनलोडला त्या मानाने काहीच नाही. सायबरपंक २०७७ च्या प्रकाशकांनी ६४ जीबीच्या कार्ट्रिजवर अख्खा गेम दिला, त्याबद्दल त्यांचं खरंच कौतुक वाटतं. इतर अनेक प्रकाशकांनी की-कार्डाचा रस्ता धरला, स्ट्रीट फायटर ६ हे त्यातलं एक ठळक नाव.

की-कार्डाची बाजूही मांडायला हवी. नुसता डाउनलोड केलेला गेम खात्याला बांधलेला असतो, तो तुम्ही विकू शकत नाही. की-कार्ड मित्राला देता येतं, जुन्या बाजारात विकता येतं. म्हणजे डाउनलोडपेक्षा ते बरं, खऱ्या कार्ट्रिजपेक्षा कमी. ज्याचं इंटरनेट धड नाही, त्याला मात्र डबी उघडल्यावरच धक्का बसतो. डबीच्या दर्शनी भागावर खालच्या बाजूला तशी सूचना छापलेली असते, ती वाचूनच पैसे द्यावेत.

"कंपनी काय उद्या बंद पडणार आहे का?" असं यावर विचारलं जातं. कंपनी बंद पडायला नको, दुकान बंद पडलं तरी पुरे. वी यू आणि थ्रीडीएस या निन्टेन्डोच्याच कन्सोलची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद झाली. तेव्हापासून तिथे नवी खरेदी होत नाही. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवण्याची सोय मागे ठेवली आहे, पण ती कायमची असेल असं वचन नाही. १९९६ चं कार्ट्रिज आजही जुन्या कन्सोलमध्ये घातलं की गेम सुरू होतो, कुणाची परवानगी लागत नाही. की-कार्डाबद्दल तीस वर्षांनी असं म्हणता येईल, असं मला वाटत नाही.

यालाच जोडून जागेचा प्रश्न. कन्सोलमध्ये २५६ जीबी जागा आहे आणि मोठा गेम पन्नास-साठ जीबी सहज घेतो. वाढवायची तर मायक्रोएसडी एक्सप्रेस या नव्या जातीचंच मेमरी कार्ड हवं. दिसायला ते जुन्यासारखं असलं तरी जुन्या कार्डावर स्विच २ चे गेम ठेवता येत नाहीत. मारियो कार्टमध्ये गाडी पुढे धावते तसा पुढचा भूभाग आतून आणावा लागतो, जुनं कार्ड तो इतक्या वेगाने देऊ शकत नाही. तांत्रिक कारण पटण्यासारखं आहे, खर्च मात्र वाढतो.

## बॅटरी, आणि 'थांबावं का?'

कंपनीच्याच सांगण्यानुसार बॅटरी गेमनुसार २ ते ६.५ तास चालते. जड गेममध्ये दोन तास म्हणजे लांबच्या प्रवासात चार्जर बरोबर हवाच. जॉय-कॉनसह वजन ५३४ ग्रॅम, पहिल्या स्विचपेक्षा सव्वाशे ग्रॅमहून जास्त. हे यंत्राचे गुण आहेत. ते पहिल्या दिवशी कळतात आणि शेवटपर्यंत तसेच राहतात.

शेवटपर्यंत, म्हणजे पुढची आवृत्ती येईपर्यंत. पहिला स्विच २०१७ मध्ये आला तेव्हा त्याची बॅटरीही २.५ ते ६.५ तासच चालायची. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याच चिपची जास्त बारीक घडणीची आवृत्ती आली आणि आकडा ४.५ ते ९ तासांवर गेला. बाहेरून यंत्र जसंच्या तसं. स्विच २ चं तसंच होईल असं कुणी सांगितलेलं नाही, पण कन्सोलच्या धंद्यात ही जुनी रीत आहे. ज्याच्याकडे चालता स्विच आहे आणि मुख्यतः प्रवासात खेळतो, त्याने थांबण्यात शहाणपण आहे. जो टीव्हीवरच खेळतो, त्याला बॅटरीचा विचारच नको.

किंमतही तोलली पाहिजे. अमेरिकेत कन्सोल सुमारे ४५० डॉलरला आला आणि मारियो कार्ट वर्ल्ड ८० डॉलरला. आधीचा मारियो कार्ट २०१७ मध्ये ६० डॉलरचा होता. गेम बनवण्याचा खर्च वाढला, महागाई वाढली, हे खरं. पण आई-बाप मुलासाठी कन्सोल घेतात तेव्हा खर्च कन्सोलवर थांबत नाही. एक कार्ड, दोन गेम, ऑनलाइन खेळायचं वर्षाचं शुल्क, असा हिशेब आधी कागदावर मांडावा. भाचीच्या आईने तो मांडला आणि एक गेम वाढदिवसापर्यंत पुढे ढकलला.

## पहिल्या आठवड्यात जे कळूच शकत नाही

मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० नोव्हेंबर २००५ मध्ये आला तेव्हा पहिली मतं उत्साहाची होती आणि त्यात खोटं काही नव्हतं. मग महिन्यांमागून महिने गेले आणि यंत्रं बंद पडू लागली, समोर लाल दिव्यांची कड उजळली की खेळ खलास. २००७ मध्ये कंपनीला हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. पहिल्या आठवड्यात कितीही काळजीपूर्वक तपासणाऱ्याला हे दिसणं शक्य नव्हतं. धातू आणि त्याचे डाख दिलेले सांधे वारंवार तापून-निवून थकतात, आणि थकायला वेळ लागतो.

पहिल्या स्विचचं दुखणं जॉय-कॉनच्या काडीत होतं. अंगठ्याने फिरवायच्या त्या काडीखाली एक छोटा स्पर्शक कार्बनच्या पट्टीवर घासत जातो, आणि तो कुठे टेकला आहे त्यावरून कन्सोलला दिशा कळते. घासून घासून पट्टी झिजली की बोट न लावताही पात्र आपोआप एका बाजूला चालू लागतं. याला ड्रिफ्ट म्हणतात. निन्टेन्डोच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये त्याबद्दल माफी मागितली. यावर एक उपाय चुंबकावर चालणाऱ्या काड्यांचा आहे, त्यात काही घासत नाही म्हणून झिजतही नाही. स्विच २ च्या काड्या तशा नाहीत, हे कंपनीने विक्रीआधीच सांगितलं. काड्या नव्याने घडवल्या आहेत, मोठ्या आहेत, फिरवायला जास्त मऊ आहेत, एवढं हाताला लगेच जाणवतं.

त्या टिकतात की नाही, हे लाखो अंगठ्यांनी वर्ष-दोन वर्षं फिरवल्यावर ठरेल. तोवर भाचीच्या कन्सोलचं बिल आणि हमीचा कागद तिच्या आईने कपाटातल्या फाइलमध्ये ठेवला आहे.